ऑटोमधून बाहेर पडताना : कॅमेरा शिकण्याचा माझा अनुभव

भाची पहिल्यांदा चालली तेव्हा मी समोरच गुडघ्यावर बसले होते, कॅमेरा डोळ्याला लावून. सात पावलं टाकली तिने, मी एकतीस फोटो काढले आणि रात्री लॅपटॉपवर उघडून बघते तर एकही धड नाही. खुर्चीचे पाय स्वच्छ, पडद्याची किनार स्वच्छ, फरशीच्या रेघा मोजून घ्याव्यात इतक्या नीट, आणि मधोमध पोरगी मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखी. ताईचा मेसेज आला, "आले का गं फोटो?" मला उत्तरच देता येईना.

तोपर्यंत कॅमेरा घेऊन आठ महिने झाले होते आणि तो कायम पी मोडवर असायचा, म्हणजे जवळपास ऑटोच, शटर (प्रकाश किती वेळ आत येणार) आणि अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडणार) दोन्ही तोच ठरवणार. मी स्वतः फक्त एकच गोष्ट सेट केली होती. आयएसओ (म्हणजे आलेल्या प्रकाशाला कॅमेरा किती उजळवतो तो आकडा) वाढवला की फोटो खराब होतो असं कुठेतरी वाचलं होतं म्हणून त्याची मर्यादा ४०० वर बांधून टाकली होती. हे लक्षात ठेवा, कारण सगळं दुखणं तिथेच होतं.

मामेभावाला फोटो दाखवले, तो बरीच वर्षं फोटोग्राफी करतोय. मला वाटलं तो लेन्स बदल म्हणेल. त्याने फोटोकडे नीट बघितलंही नाही, आधी फोटोची माहिती उघडली: शटर १/१५, अपर्चर एफ ५.६, आयएसओ ४००. "अगं, सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडं राहिलंय, तेवढ्या वेळात ती कुठच्या कुठे गेली असेल बघ." मी म्हटलं, पण दादा, लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे ना? तर तो म्हणाला, "आहे म्हणून तर खुर्ची शार्प आलीय. ते तुझा हात सावरतं, पोरीला थोडंच थांबवणार?"

मला तरी तिथे पहिल्यांदा काहीतरी कळलं. ब्लर दोन प्रकारचा असतो. सगळाच फोटो एका दिशेने ओढल्यासारखा दिसला तर कॅमेरा हलला, आणि मागचं सगळं नीट असून माणूसच पुसट आला तर माणूस हलला. हात हलण्यासाठी जुना हिशोब आहे, लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या निदान तितक्याव्या भागाचा शटर, म्हणजे ५० ला निदान १/५०, आणि सेन्सर लहान असेल (एपीएस-सी वाला) तर दीडपट धरून १/८०. पण समोरचं हलत असेल तर हा हिशोब उपयोगाचा नाही. माझ्या अनुभवात गप्पा मारणाऱ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या पोराला १/५०० आणि त्याच्याही पुढे.

मग प्रश्न आला की १/१५ वरून १/२५० ला जायचं तर प्रकाश आणायचा कुठून? दादाने कागदावर लिहून दाखवलं आणि तो कागद अजून माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे. १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे चार पायऱ्या, चार स्टॉप गेले. ते दुसरीकडून भरून काढायचे. अपर्चर ५.६ वरून ४ आणि ४ वरून २.८, दोन स्टॉप परत आले. आयएसओ ४०० वरून ८०० आणि मग १६००, अजून दोन. झाले चार. फोटो तेवढाच उजळ आणि पोरगी जागच्या जागी थांबलेली. एवढंच आहे ते एक्स्पोजरचं त्रिकूट, शटर, अपर्चर आणि आयएसओ, मी आठ महिने त्याच्या आकृत्या बघत होते पण कुणी माझ्याच बिघडलेल्या फोटोवर हिशोब करून दाखवला नव्हता. माझी किट लेन्स, कॅमेऱ्यासोबत आलेली, झूम केल्यावर ५.६ च्या खाली जायचीच नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी माझ्याकडे एकच रस्ता होता, आयएसओ थेट ६४००. आणि तो मीच बंद करून ठेवला होता. ग्रेन, म्हणजे फोटोभर बारीक दाणे, आला असता, येऊ दे की. ग्रेन नंतर कमी करता येतो, पुसलेला चेहरा परत आणता येत नाही.

त्यानंतर मी ठरवलं की एका वेळी एकच डायल. पहिले दोन आठवडे फक्त शटर प्रायॉरिटी (शटर मी ठरवायचा, अपर्चर कॅमेरा; डायलवर एस किंवा टीव्ही असतं ते), मग फक्त अपर्चर प्रायॉरिटी, त्याच्या उलट, म्हणजे ए किंवा एव्ही. एकदम मॅन्युअलवर जा असं खूप जण सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं हे नवीन माणसाला कळत नाही आणि तो वैतागून परत ऑटोवर जातो.

अपर्चरला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आकडे उलटे. आकडा लहान तर भोक मोठं, असं का? पाठ करून मी दर वेळी विसरायचे. मग कळलं की तो भागाकार आहे. ५० मिलिमीटरची लेन्स, २ ने भागली तर २५ मिलिमीटरचं भोक, १६ ने भागली तर जेमतेम ३ मिलिमीटरचं. त्यानंतर कधी विसरले नाही.

दादाने त्याची ५० मिलिमीटर एफ १.८ महिन्याभरासाठी दिली आणि मग सगळ्यांचं होतं तेच माझं झालं, प्रत्येक फोटो १.८ वर, बॅकग्राउंड लोण्यासारखं मऊ. आजीचे फोटो काढले खिडकीत बसवून, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर अप्रतिम दिसत होते. मोठे करून बघितले तर फोकस चष्म्याच्या फ्रेमवर आणि डोळे किंचित मऊ. माझ्या कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून १.८ ला सगळं मिळून तीनेक सेंटीमीटर जागा फोकसमध्ये राहते, त्यात आजी श्वास घेते, मी पुढेमागे डोलते, फ्रेम आणि डोळा यात फरक पडणारच. एफ ४ ला तीच जागा दुपटीहून जास्त होते. तेव्हापासून एकट्या माणसाला मी २.८ ते ४, दोघं-तिघं पुढेमागे उभे असतील तर ५.६ ते ८ वापरते. आणि फोकसचा पॉइंट मी निवडते. कॅमेऱ्याला निवडायला सांगितलं की माझा तरी तो सगळ्यात जवळची ठळक वस्तू पकडतो, मग ते नाक असो, हात असो की चष्मा. एकच पॉइंट, कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर. डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा, पण काढल्यावर मोठं करून बघा, ही सवय मी कधी सोडत नाही.

आता मीटरिंग, म्हणजे कॅमेरा प्रकाश मोजतो ते. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं असं मनापासून वाटतं.

एका दुपारी पांढरी चादर वाळत होती, तिचा फोटो काढला, फ्रेमभर फक्त चादर. करडी आली. मग माझी काळी बॅग फ्रेमभर, तीही करडी. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कुठली चादर आणि कुठली बॅग हे फक्त शिवणीवरून कळत होतं! कारण कॅमेऱ्याला चादर काय, बॅग काय, कळत नाही. त्याला फक्त परत आलेला प्रकाश कळतो आणि साधारणपणे समोरचं दृश्य सरासरी मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरूनच तो चालतो (१८ टक्के ग्रे म्हणतात तो). म्हणून पांढऱ्याला तो काळपट करतो आणि काळ्याला फिकट करतो. उपाय सोपा आहे, प्लस-मायनसचं बटण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. चादरीला प्लस दीड स्टॉप दिला, पांढरीशुभ्र झाली. बॅगेला मायनस दीड, काळीकुट्ट. मी त्या दुपारी घरातल्या अर्ध्या वस्तूंचे फोटो काढले, भिंत, आरसा, मांजर, कुठे काय द्यावं लागेल ते आधी मनात ठरवायचं आणि मग बघायचं बरोबर आलं का. चारपाच दिवसांत अंदाज यायला लागला.

स्क्रीनवर भरवसा ठेवू नका हेही त्यातूनच शिकले, उन्हात स्क्रीन अंधारी दिसते आणि रात्री खूप उजळ. हिस्टोग्राम बघायचा, म्हणजे फोटोत काळं डावीकडे ते पांढरं उजवीकडे किती आहे याचा आलेख. तो आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तिथलं पांढरं बहुतेक जळालंय. रॉमध्ये (सेन्सरवरची कच्ची फाइल, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार केलेली) थोडं वाचतं पण पूर्ण जळालेलं रॉमध्येही परत येत नाही. बाकी रॉ की जेपेग यावर मी फार डोकं लावलं नाही, दोन्ही चालू ठेवते. फ्रेममध्ये काय कुठे ठेवावं याबद्दलही, एक तृतीयांशचा नियम, रेषा वगैरे, वाचलं, उपयोगी आहे, पण मला त्याहून जास्त फायदा शटर दाबायच्या आधी फ्रेमच्या चार कडांवरून नजर फिरवण्याचा झाला. डोक्यातून उगवलेला खांब आणि कोपऱ्यातली अर्धी बादली तिथेच सापडते.

उजेडाबद्दल एकच सांगते. बल्बपासून माणूस दुप्पट लांब गेला की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, खिडकी मोठी असल्यामुळे तिथे इतकं काटेकोर नसतं पण घसरण होतेच. खोलीच्या मध्यभागी आणि खिडकीजवळ आपल्या डोळ्याला फारसा फरक वाटत नाही, कॅमेऱ्याला तीन-चार स्टॉपचा फरक पडू शकतो. म्हणून आता आयएसओ वाढवायच्या आधी मी विचारते, माणूस खिडकीकडे सरकेल का?

मागच्या रविवारी आजीला परत खिडकीत बसवलं. मागे काळपट लाकडी दार, त्यामुळे मीटर सगळं उजळ करू बघत होतं आणि पहिल्या फोटोत तिचे पांढरे केस जळून नुसता एक ढग झाला होता. डोळ्यावर फोकस, एफ २.८, आयएसओ ४००, मायनस १. कॅमेऱ्याने शटर १/२०० दिला, तो पुरेसा होता. "झालं का गं तुझं? मान अवघडली माझी." म्हटलं आजी, एकच, इकडे बघ ना. ती बघायच्या आधीच, खिडकीबाहेर बघत असताना, मी काढला.

रात्री मोठा करून बघितला. दार काळं होतं. कपाळावरून सुटलेले केस एक एक वेगळे मोजता येत होते, आणि चष्म्याच्या मागे, डोळ्यात, खिडकीचे चारही चौकोन दिसत होते. तो मी ताईला पाठवला.