कणकुंबीच्या ढगातला निळा माशीमार

बेळगावहून पिरनवाडी, किणये करत जांबोटी गाठेपर्यंत पाऊस नुसता भुरभुरत होता. पुढे कणकुंबीच्या अलीकडे ढग रस्त्यावरच उतरले. ज्यांच्याकडे मुक्काम होता त्या मामांनी माझी दुर्बीण बघितली आणि हसले. "आता पावसात कुठलं पाखरू दिसतंय? दिवाळी झाल्यावर यायचं की!"

खरं दिवाळीनंतर दिसतात ते पाहुणे. निलांग, तपकिरी माशीमार हे किडे टिपणारे छोटे पक्षी बहुतेक उत्तरेकडून थंडीला उतरतात आणि उन्हाळ्यात परततात. मला बघायचा होता तो घरचा माणूस, पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार. पश्चिम घाट सोडून जगात कुठेही नाही. ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ जेर्डननं १८४० साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. निलगिरीच्या शोलांतल्या, म्हणजे डोंगरातल्या सदाहरित रानांतल्या, काळ्या-केशरी माशीमारासाठी लोक उटीपर्यंत जातात, बेळगावपासून तासाभरावरच्या याला मात्र फारसं कोणी विचारत नाही.

इथल्या भीमगड अभयारण्यात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हणून मामांच्या शेताच्या कडेनं, मालकीच्या रानातल्या ओढ्यावर गेलो. लावणी उरकली होती. हा सगळा मुलूख ८०० मीटरच्या आसपासचा, आणि पाणलोटाची धार इथूनच जाते: मलप्रभा कणकुंबीत उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे निघते, म्हादई इथल्याच डोंगरांतून पश्चिमेला गोव्यात उतरते. दोन्हीकडच्या पाण्यावरून किती कोर्टकचेऱ्या झाल्या ते सोडा, ओढ्याकाठी अंजनीची झाडी, कारवी आणि खडकावर बोटभर शेवाळ होतं.

अशा धुक्यात शेंड्यांकडे बघून उपयोग नसतो, आणि हा पक्षी शेंड्यावर बसतही नाही. त्याचं सगळं जग कमरेच्या उंचीखाली, ओलसर झुडपांच्या अंधारात. आधी बारीक 'टिक्-टिक्' ऐकू आलं. मग वेलाच्या आडव्या फांदीवर नर. पाठ, गळा, छाती गडद निळी, कपाळावर उजळ निळाईची पट्टी, आणि पोट पांढरं. टिकेलचा निळा माशीमारही या भागात आहे, पण त्याचा गळा आणि छाती नारिंगी असते, त्यामुळे नराची ओळख सोपी.

खरी पंचाईत मादीची. तिची छाती नारिंगीच! तेव्हा पाठ बघायची. टिकेलच्या मादीच्या पाठीवर मळकट निळसर झाक असते. ही वरून तपकिरी, शेपटी तांबूस. मादी एकदा चोचीत शेवाळ घेऊन दरडीकडे गेली, तसा मी मागे सरकलो. घरटं तिथल्याच एखाद्या खबदाडीत असणार. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढायची हल्ली टूम निघाली आहे. विणीच्या दिवसांत हा छळच.

फोटो एकही धड आला नाही. पण मामींनी केलेली अळंब्यांची भाजी आणि तांदळाची भाकरी अशी होती, की फोटोचं दुःख भाकरीबरोबरच संपलं.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, मी गेलो तेव्हा कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खड्डे फार होते आणि अवजड गाड्यांची वर्दळही. छत्री नको, रेनकोट घ्या; झुडपांत छत्री उघडत नाही. जळवांसाठी तंबाखूची पुरचुंडी ठेवा, मिठाचं पावसात पाणी होतं.