मोंढ्यातला सौदा आणि अडकणारे पान

दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातल्या मोंढ्यांत सोयाबीनची आवक वाढते आणि दुपारी सौदा निघाला की आमच्या बाजारभावाच्या संकेतस्थळावर एकदम गर्दी होते. दोन हंगामांपूर्वी नेमक्या याच वेळेला पान उघडायला वीस-वीस सेकंद लागू लागले. रेणापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचा फोन आला, "दादा, माल लातूरला न्यायचा का उदगीरला, हे ट्रॅक्टर भरायच्या आधी कळाय पाहिजे." तो फोन मी अजून विसरलेलो नाही.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी दुप्पट क्षमतेचा सर्व्हर सुचवला आणि आम्ही तो घेतला. खर्च दुप्पट झाला, पण आठवड्याभरात पान पुन्हा अडकू लागले. मोजमाप आधी करायला हवे होते, असे मला आज ठामपणे वाटते. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ घेतला, याची नोंद त्यात ठेवता येते. ती नोंद एकूण वेळेनुसार लावली तेव्हा दिसले की सर्वाधिक वेळ खाणारी क्वेरी एकेकटी पाहिली तर फारशी संथ नव्हती. ती फक्त अतोनात वेळा चालत होती. जिल्ह्याचे पान आधी बाजार समित्यांची यादी आणत होते आणि मग प्रत्येक समितीचा ताजा भाव वेगळ्या क्वेरीने विचारत होते. ते सगळे भाव आम्ही एकाच क्वेरीत आणले. शिवाय भावांच्या तक्त्यात बाजाराच्या रकान्यावर इंडेक्सच (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) नव्हता, कारण पोस्टग्रेस प्राथमिक कीसाठी (प्रत्येक नोंदीची ओळख ठरवणाऱ्या रकान्यासाठी) इंडेक्स आपोआप बनवतो, पण दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यासाठी बनवत नाही. बाजार, पीक आणि शेवटी तारीख या क्रमाने संयुक्त इंडेक्स घातल्यावर पान क्षणात उघडू लागले.

त्याआधी आम्ही आणखी एक चूक केली होती. डेटाबेसला एका वेळी जोडता येणारी कनेक्शन संपल्याची त्रुटी येत होती, म्हणून मूळची १०० ची मर्यादा वाढवून ४०० केली आणि गती आणखी खालावली, कारण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालते आणि ती मेमरी घेते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम इथे लागू पडतो: सेकंदाला ५० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला ४ सेकंद लागत असतील, तर सरासरी २०० विनंत्या आत अडकलेल्या असतात, तोच वेळ ०.१ सेकंदावर आणला की फक्त ५ उरतात. मोंढ्यातल्या वजनकाट्यावर एकेका ट्रॅक्टरला वेळ लागत असेल, तर फाटक रुंद करून रांग कमी होत नाही. क्वेरी सुधारल्यावर कनेक्शनची तक्रार आपोआप मिटली.

कॅशेबाबत, म्हणजे तयार पानाची प्रत साठवून तीच पुन्हा दाखवण्याबाबत, मात्र मी फार जपून पावले टाकली. भाव दिवसातून एक-दोनदाच बदलतो, त्यामुळे तयार पान साठवून ठेवणे सोपे होते. पण कालचा भाव आजचा म्हणून दिसला तर शेतकऱ्याचे खरोखरचे नुकसान होते. म्हणून ठरावीक मिनिटांवर विसंबून न राहता नवा भाव नोंदवला जाताच जुनी प्रत काढून टाकली जाते आणि प्रत्येक भावाशेजारी त्याची तारीख ठळक दिसते. प्रत काढल्या क्षणी शेकडो विनंत्या एकदम डेटाबेसवर तुटून पडतात, तेव्हा नवी प्रत बनवण्याचे काम त्यांतल्या एकीनेच करावे आणि बाकीच्यांनी थांबावे, अशी कुलपाची सोय केली.

मराठी पानांची एक गोष्ट सहज निसटते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, तर इंग्रजी अक्षर एकच. सर्व्हरवर जीझिप, म्हणजे पान आवळून पाठवण्याची सोय, चालू केल्यावर हा भार बराच उतरला आणि खेड्यातल्या कमजोर नेटवर्कवर त्याचा फरक लगेच जाणवला. पुढे दुसरा सर्व्हर जोडला, पण त्याआधी लॉगिनची माहिती एका सर्व्हरच्या मेमरीतून सामायिक ठिकाणी हलवावी लागली, नाहीतर ती दुसऱ्याला दिसली नसती.

आता जुन्या भावांचा शोध उरला आहे. भावांचा तक्ता वर्षवार विभागून रात्री डेटाबेसच्या प्रतीवर भार-चाचणी घ्यायची आहे आणि तुरीची आवक सुरू होण्याआधी हे काम संपवायचे आहे.