बुरशीची टोपी

कोरुंदच्या रस्त्याकडेच्या दुकानांत टांगलेल्या तपकिरी टोप्यांना हात लावला, तर मऊ स्वेड चामडंच वाटतं. टोपी बुरशीची आहे. रोमानियात, ट्रान्सिल्वेनियातल्या या हंगेरियनभाषक गावात मोजकी घरं अजून हे काम करतात, आणि करतात म्हणजे हातानेच.

बुरशी फोमेस फोमेंटारियस. बीच आणि बर्चच्या खोडावर घोड्याच्या खुरासारखी वाढते. वर राखाडी, टणक कवच; खाली दरवर्षी नवा थर चढणाऱ्या नळ्या. दोन्ही टाकाऊ. कामाचा फक्त मधला मऊ, तपकिरी थर, आणि तोही पातळ. म्हणून मोठी बुरशी लागते. नवखा इथेच फसतो: नळ्यांचा जाड भाग बघून खूश होतो आणि तोच कापून घेतो. तो ताणला की तुटतो.

आधी बुरशी भिजवायची, कवच धारदार विळ्याने सोलायचं, मधल्या थराचे पातळ काप काढायचे. मग लाकडी हातोडीने हलके ठोकून ओलसर असतानाच सगळ्या बाजूंनी थोडं थोडं ओढायचं. तळहाताएवढा तुकडा पाहता पाहता कितीतरी पसरतो. सुकला किंवा एकाच बाजूने घाई केली की भोक पडलंच. टोपीसाठी हाच तुकडा लाकडी साच्यावर ओढून वाळवतात.

मूळचा धंदा मात्र आगीचा. तोच थर सोऱ्याच्या (बंदुकीच्या दारूतल्या क्षाराच्या) पाण्यात किंवा राखेच्या निवळीत उकळून खडखडीत वाळवला, की चकमकीची ठिणगी धरतो. ज्वाळा होत नाही, नुसता धुमसत राहतो. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या ओत्सी नावाच्या गोठलेल्या माणसाच्या कमरेच्या पिशवीतही हा थर होता, त्याला ठिणगी पाडणाऱ्या पायराइट खनिजाचे कण चिकटलेले. युरोपातले न्हावी आणि शल्यवैद्य तो रक्त थांबवायलाही वापरत. काड्यापेटी आली आणि आगीचा बाजार संपला.

‘तुमच्याकडे नाही का असलं काही?’ असं इथे कोणी विचारलं की जरा टोचतं. आहे की! फणसाच्या खोडावरचा फणसोंबा. कोकणात तो सहाणेवर उगाळून तोंड आल्यावर लहान मुलांच्या हिरड्यांना लावतात. त्याची टोपी झाली नाही, कारण तो आतूनही लाकूडच. हातोडी मारली तर पसरत नाही, फुटतो. आणि ठिणगी धरायला आपल्याकडे शेवरीचा कापूस होताच, त्याला ना विळा लागतो ना सोरा.