व्हिक्टोरिया नव्हे, व्हिक्टरी

वेशीजवळ लावायच्या पाटीचा मजकूर तपासून द्या, एवढंच एका कुटुंबाचं काम होतं. मजकूर असा: ‘पहिल्या महायुद्धातील व्हिक्टोरिया क्रॉस विजेते’ आणि खाली पणजोबांचं नाव. संगमरवर आणून ठेवला होता, छिन्नी लागायची बाकी होती.

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. हे ‘व्हिक्टोरिया’ प्रकरण सातारा-कोल्हापूरकडे नेहमीचं. त्या युद्धात प्रत्यक्ष आघाडीवर गेलेल्यांना जे कांस्यपदक मिळालं ते ‘व्हिक्टरी मेडल’. घरात तीन पिढ्या तोंडी सांगताना त्याचं व्हिक्टोरिया होतं आणि क्रॉस मागून आपोआप येऊन चिकटतो. खरा क्रॉस ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. तो क्रॉसच्याच आकाराचा, त्यावर ‘फॉर व्हॅलर’ ही अक्षरं, आणि मिळवणाऱ्याचं नाव वरच्या पट्टीच्या मागे. भारतीय शिपाई त्याला पात्र ठरले १९११ पासून. मराठा पलटणींतले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस मात्र दुसऱ्या महायुद्धातले, इटलीतले: १९४४ चा यशवंत घाडगे यांचा, १९४५ चा नामदेव जाधव यांचा. म्हणजे पाटी वाचतानाच उत्तर ठाऊक होतं. पण पदकं हातात घेतल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये. कुटुंबाची गोष्ट चुकीची असते तेव्हाही ती बहुधा कुठल्यातरी खऱ्या गोष्टीवरच उभी असते.

देवघरातल्या डबीतून दोन पदकं निघाली. एक १९१४-१५ चा कांस्य तारा, दुसरं पंखवाल्या देवीचं व्हिक्टरी मेडल. यांच्या जोडीचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल नव्हतं. “ते दुष्काळात मोडलं,” आजी म्हणाल्या. यात वावगं काही नाही. असली कितीतरी पदकं सोनाराच्या मुशीत गेली आहेत.

ताऱ्यावर नाव पाठीमागे असतं, गोल पदकावर कडेला. दर खंडेनवमीला चिंच लावून घासल्यामुळे देवीचं नाक सपाट झालं होतं. कडेचंही काही खरं नाही असं वाटलं. टॉर्च आडवा धरला, दहापट भिंग लावलं, तर कडेवर लाल अक्षरं! वर्षानुवर्षं वाहिलेलं कुंकू ठोकलेल्या अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलं होतं. आसपासचा धातू झिजला, पण नंबर, हवालदार, नाव आणि ‘११० मराठा’ स्पष्ट वाचता आलं. अशा वेळी कड पुसायची नाही. पदक थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो काढायचे आणि प्रत्येकात आधीच्या फोटोतली दोन अक्षरं परत घ्यायची, नाहीतर नंबरातला एखादा आकडा निसटतो. मग कॅलिपर. या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर. जुनं नाव घासून नवं ठोकलेलं असेल तर तो कमी भरतो. इथं पुरेपूर भरला.

ताऱ्यावर मात्र ‘शिपाई’ होतं. आजींचा नातू जरा घाबरला, दुसऱ्याच कुणाचा तर नाही? नाही. ताऱ्यावर आघाडीवर उतरतानाचा हुद्दा घालायचे, नंतरच्या पदकावर पुढे मिळालेला. नंबर दोन्हीकडे एकच होता आणि निकाल नंबरावरच लागतो. नावावर विसंबलात तर फसलात. साहेबांच्या कारकुनानं पवारचं पोवार केलं नसेल तर नवल. आणि नुसता नंबरही पुरत नाही, तो पलटणीसकट धरायचा, कारण प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालत.

पेन्शनच्या कागदावर ‘३/५ मराठा’ होतं, म्हणून घरच्यांनी इंटरनेटवर पाचवी मराठा शोधली आणि हात हलवत परत आले. १९२२ च्या फेररचनेत ११० वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. युद्धकाळातल्या कागदांत ती ११० म्हणूनच सापडणार. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेली आणि २९ एप्रिल १९१६ ला कुट-अल-अमारा इथं डिव्हिजनसह शरण आली.

निघता निघता आजींनी डबीच्या तळाची कागदाची पुडी दाखवली. “ह्ये कुठल्या दागिन्याचं पान म्हणायचं?” दागिन्याचं नव्हतं. कांस्याची ओकच्या पानांची डहाळी होती, व्हिक्टरी मेडलच्या फितीवर लावायची. सेनापतीच्या खलित्यात, म्हणजे त्यानं वर पाठवलेल्या लढाईच्या अहवालात, नाव आलं असेल तरच ती मिळायची, आणि नाव कितीदाही आलेलं असो, डहाळी एकच. पण नुसत्या डहाळीला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. अशी पानं बाजारात सुटी मिळतात.

पुरावा लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात. इथं बरेच जण उलटं करतात. साधी मोहिमेची पदकं गॅझेटमध्ये येतच नाहीत, तीच तिथं शोधत बसतात. जे येतं ते शौर्याचं पदक आणि खलित्यातला उल्लेख. नाव टाकून शोधलं तर काही निघालं नाही, तशी अपेक्षाही नव्हती. जुन्या छपाईतली भारतीय नावं संगणक भलतीच वाचतो. म्हणून गॅझेटच्या मेसोपोटेमियाच्या खलित्यांच्या पुरवण्या काढल्या, यादीतलं ११० मराठा हे शीर्षक गाठलं आणि ओळी डोळ्यांनी वाचत गेलो. तिसऱ्या पुरवणीत सापडलं. आडनावात दोन अक्षरं चुकीची, हुद्दा हवालदार, नंबर कडेवरचाच.

पाटीचा नवा मजकूर दिला: ‘हवालदार, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, मेसोपोटेमिया, सेनापतींच्या खलित्यात विशेष उल्लेख’. नातू दोनदा वाचून थोडा हिरमुसला. पाथरवटानं मात्र लगेच अक्षरं मोजली. तो अक्षरामागे पैसे घेतो, आणि हा मजकूर जुन्यापेक्षा लांब होता.