तुम्ही विचारलंत म्हणून: मांजरं घरात का घेत नाही?

‘एवढी माया आहे तर घरातच का नाही घेत?’ हे मला जिन्यात विचारून झालंय, वाण्याच्या दुकानात विचारून झालंय, हळदीकुंकवाला तर अत्तर लावता लावता विचारलंय. दरवेळी मी हसून ‘ह्यांना चालत नाही हो’ म्हणते. ह्यांना काहीही चालतं. तेव्हा आज एकदाच खरं सांगते.

मला मांजरं आवडत नाहीत.

लहानपणीही नव्हती आवडत. पायात घोटाळली की अंगावर काटा येतो. रोज संध्याकाळी सात वाजता मीटररूमच्या मागे भात आणि मांदेलीची डोकी कालवून ठेवते, ती प्रेमापोटी नाही. ठरल्या वेळी ठरल्या जागी खायला मिळालं की मांजर तिथे येतं, आणि तिथे येणारं मांजरच पिंजऱ्यात सापडतं. मग पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन, आणि परत आणून इथेच सोडायचं. डाव्या कानाचं टोक कापलेलं दिसतं ना तुम्हाला, ‘बिचाऱ्याचा कान कुणी तोडला’ म्हणता ना, ती डॉक्टरांनी भुलीतच केलेली खूण आहे. हिचं झालंय, पुन्हा पकडू नका, एवढाच तिचा अर्थ.

‘त्यापेक्षा लांब नेऊन सोडा की!’ हे सेक्रेटरींचं ठरलेलं वाक्य. त्याला उत्तर द्यायचं तर कबरी नावाच्या मांजरीची गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी आजवर टाळत आले.

2014 चा मे महिना. आपली डोंबिवली मे महिन्यात कशी तापते ते सांगायला नको. कबरी ही भाटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायची, दुधात तोंड घालायची. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, दम्याचा. एका दुपारी ती त्याच्या पांघरुणावर झोपलेली सापडली आणि माझं डोकं फिरलं. तांदळाचं रिकामं पोतं घेतलं, बोंबलाच्या वासावर तिला आत घेतली, पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं. ह्यांच्या स्कूटरवर पायाशी ठेवून कल्याणला दुर्गाडीच्या खाडीकडे. पोतं उघडल्यावर ती पळाली नाही. दोन पावलं गेली आणि उलट आमच्याकडेच बघत बसली. आम्ही स्कूटरला किक मारली.

रात्री अकराच्या सुमारास माळ्यावरून आवाज यायला लागला. मला वाटलं उंदीर. पहाटे ह्यांनी स्टूल लावलं. जुन्या गादीच्या आणि कुकरच्या खोक्याच्या मधे चार पिल्लं, डोळेही न उघडलेली.

आम्ही सहा वाजता परत खाडीवर. हाका मारल्या. मांजराला हाका काय मारणार, ‘कबरी’ हे नाव तिला कुठे माहीत होतं! कोळणी हसल्या. नाही सापडली.

मग गाईचं दूध, मुलाच्या व्हिटॅमिनचा ड्रॉपर. मला वाटलं, पोट भरलं की झालं. इतकी लहान पिल्लं स्वतःहून शू-शी करत नाहीत, आई चाटते तेव्हा करतात. आई नसेल तर कोमट ओल्या कापसाने पुसून करवावी लागते, हे मला कुठे ठाऊक होतं? गाईचं दूध त्यांना सोसत नाही आणि थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची असते, दूध नंतर, हेही नाही. पोटं टम्म फुगली. दुसऱ्या दिवशी एक गेलं, तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्याचा पाचव्या दिवशी एक डोळा उघडला, एकच, निळसर. मुलगा शाळेतल्या मित्रांना सांगत सुटला. सहाव्या दिवशी सकाळी तेही.

आता तेव्हाच्या मला मी विचारते: खाली लोंबणारी आचळं दिसली नव्हती का गं तुला? ती म्हणते, पोराला रात्री धाप लागायची तेव्हा आचळं बघत बसू? बरोबर आहे तिचं. पण दिसली होती. पोत्याचं तोंड बांधताना दिसली होती. ‘मांजरंच ती, अशीच असतात’ असं मनात म्हटल्याचंही आठवतं.

वर सासूबाई म्हणाल्या, मांजर मारलं की काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. मी म्हटलं, मी मारलं नाही, सोडलं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मात्र उपासमार होईल अशा जागी प्राणी टाकून देणं हासुद्धा गुन्हाच आहे. सेक्रेटरींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

बरं, एवढं करून मिळालं काय? महिन्याभरात कबरीच्या जागी दुसरी आली, मागोमाग दोन बोके. कचऱ्याचा डबा तोच, आडोसा तोच. जागा रिकामी थोडीच राहते. मांजर नऊ आठवड्यांत वितं, पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतं, आणि त्या पिल्लांतली मादी चार-पाच महिन्यांत स्वतः तयार. एका वेळी अकरा मोजली होती मी. आज पाच आहेत, पाचांचेही कान कापलेले.

तुमच्या तक्रारी खोट्या नाहीत. स्कूटरच्या सीट फाटतात. बोक्यांच्या मुताचा वास ऑपरेशननंतर पुष्कळ कमी होतो, पण जात नाही. ‘उंदीर तरी खातात’ असं मी मीटिंगमध्ये ठासून सांगितलं होतं, तेही अर्धंच खरं: गटारातली घूस दिसली की आपली पाचही मांजरं भिंतीवर चढतात. आणि जास्वंदीतली बुलबुलाची पिल्लं कुणी खाल्ली ते मी डोळ्यांनी पाहिलंय, कुणाला बोलले नाही. त्या दिवशी सात वाजता भात ठेवायचा नाही असं ठरवलं. साडेसातला ठेवला.

राहता राहिलं घरात घेण्याचं. मुलगा पुण्याला शिकायला गेला, दम्याचं कारण गेलं. माळा मात्र तिथेच आहे. कबरीचं प्रायश्चित्त म्हणून एखादं घेतलं तर मी त्याच्याकडे मांजर म्हणून बघेन की हिशेब म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

परवापासून गेटजवळ एक पांढरा बोका दिसतोय, दोन्ही कान शाबूत. पिंजरा शनिवारी मिळणार आहे. तोवर तो तुमच्या गाडीवर बसला तर बेल वाजवून सांगायला येऊ नका. मला दिसतोय तो.