तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं घसरत असताना आशा कुठून आणता?

हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाचा धंदा बसलेला असतो, कोणी नुसतंच थकलेलं असतं, खोटं करणाऱ्यांचंच बरं चाललंय हे बघून बघून. मग विचारतात, ताई तुम्ही अजून देवाचं नाव घेता, तुम्हाला खरंच वाटतं का काही सुधारेल?

खरं सांगू? सुधारेलच याची खात्री आहे म्हणून मी नाव घेत नाही.

मी एका ठिकाणी चौदा वर्षं अकाउंट्स बघायचे. धंदा मंदावला, पगार आधी उशिरा आणि मग अर्धा व्हायला लागला, आणि एक दिवस माझ्या टेबलावर कोरं बिलबुक आलं. दुसऱ्याच कुठल्यातरी फर्मच्या नावाचं, शिक्का आधीच मारलेला, आत कार्बनसुद्धा घातलेला. मागच्या तारखा टाकून, कधी न आलेल्या मालाची बिलं भरायची होती. सांगणारा माणूस वाईट नव्हता हो, हे मी मुद्दाम लिहितेय. मान खाली घालून म्हणाला, सगळेच करतात, नाहीतर पुढच्या महिन्यात कोणालाच पगार नाही. पैसा आटला की असंच होतं, खोट्याला खोटं म्हणायचीच माणसाला चोरी होते, मग त्याला ॲडजस्टमेंट म्हणायचं.

मी पेन घेतलं, पहिल्या बिलावर तारीख पण टाकली. मी काही शूरबिर नाही. पण काम सुरू करताना मनात देवाचं नाव घ्यायची लहानपणापासूनची सवय, ते त्या वेळी पण आलं, आपोआप, आणि त्याच्यापुढे मला आकडा लिहिता येईना. हात थांबला तो थांबलाच. बिलबुक परत दिलं, दोन महिन्यांनी नोकरीही गेली.

नंतरचे महिने वाईट होते. लोक म्हणायचे देव परीक्षा बघतोय. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही, दुखावलेल्या माणसाला ते कधी बोलू नये.

मला त्या दिवसांत धरून ठेवलं ते तुकोबांच्या एका अभंगाने. संतांनी त्यांना त्यांची हकिगत विचारली, तेव्हा ते म्हणतात की हे बोलू नये खरं, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आणि मग काहीही न झाकता सांगतात, दुष्काळात पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, धंद्यात खोट आली, लाज वाटायला लागली. हा १६३० च्या सुमाराचा दख्खनचा दुष्काळ, पाऊस नाही आणि वरून फौजांची ये-जा. एवढा मोठा भक्त आणि लाज वाटली म्हणतो, हे वाचून मी खूप रडले, कारण मला पण तीच लाज वाटत होती, उधारी मागताना, फोन न उचलताना. म्हणजे श्रद्धा असली की असं वाटायचं नाही, असं काही नसतं तर.

आणि त्याच अभंगात पुढे काय, तर देवाचं देऊळ भंगलेलं होतं, ते नीट करावं असं मनात आलं. सगळा मुलूख मोडलाय, घर मोडलंय, आणि हा माणूस मोडकं देऊळ उभं करायला घेतो! चरित्रकार तर सांगतात की घरात सावकारी होती, लोकांकडून येणं असलेले कागद होते, त्यातले निम्मे भावाला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. दुष्काळात अशा कागदाची ताकद किती असते विचार करा, समोरचा नडलेला असतो, त्याची जमीन लिहून घेता येते. तेच नेमकं त्यांनी सोडलं. दुष्काळ सरला, पण तुकोबांचं दुकान काही पुन्हा वर आलं नाही. हे पण सांगायला हवं, कारण श्रद्धेने धंदा परत मिळतो असं मी कोणाला सांगणार नाही.

मला मिळतं ते एवढंच की काय होणार हे कळलं नाही तरी आज काय करायचं ते कळतं. मला काही देऊळ बांधता येत नाही, हिशोब येतो. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी ओळखीतल्यांचे कर्जाचे कागद बघून देते, फुकट. हप्त्यात व्याज किती, दंड कुठे लावलाय, उशीर झाल्यावर काय कापलं, हे बहुतेकांना कधी कोणी वाचूनच दाखवलेलं नसतं. एक काका तर कागद उलटा धरून बसले होते, नजर वर करेनात. मी आधी पाणी दिलं, मग म्हटलं काका, चूक तुमची एकट्याची नाही, चला पहिल्या पानापासून बघू. दोन तासांनी त्यांनी पहिल्यांदा स्वतः बोट ठेवून एक आकडा विचारला.

काही दिवस आशा वाटत नाही. नाव तरीही घेते. या शनिवारी दोघं येणार आहेत, त्यातल्या एकाने आधीच सांगून ठेवलंय की कागद पिशवीभर आहेत.