सोलापूरची थंडी आणि सरपंचाचा काळा तुरा

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की यंदा खुराड्याची हिवाळी बांधणी करणार. केली. आणि त्यातली निम्मी उचकटूनही काढली. तीच हकीकत.

आधी हजेरी. सोलापुरातल्या विडी घरकुल वसाहतीतलं घर, मागं ८ बाय १२ फुटांची मोकळी जागा, ६ गावरान कोंबड्या (त्यातली एक ९ अंड्यांवर खुडूक बसलेली) आणि एक कोंबडा. त्याचं नाव सरपंच, कारण काम काही नाही आणि आवाज मोठा.

आपल्याकडं खुराडं बांधायचं ते उन्हाळ्याच्या भीतीनं. माझंही तसंच, तीन बाजूंनी जाळी आणि वर पत्रा. नोव्हेंबर संपता संपता रात्रीचा पारा १३ वर दिसला आणि मी कॅनडातल्या कोंबडीवाल्यांचे व्हिडिओ बघत बसलो. तिकडं उणे २० मध्ये तुरा चक्क गोठतो. टोकं आधी पांढरट पडतात, मग काळी होऊन झडतात. मोठ्या एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांना धोका जास्त. सरपंचाचा तुरा माझ्या तळहाताएवढा. झालं, मी घाबरलो.

तिन्ही बाजूंनी ताडपत्री आवळली. आतून पडद्याला शेजारच्या अक्कांकडून जुनी सोलापुरी चादर आणली. देताना म्हणाल्या, "कोंबड्यांना चादर? उशी पण देऊ का रे?"

चौथ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर माझ्याच डोळ्यांतून पाणी. अमोनियाचा भपका! ताडपत्री आतून ओलीचिंब, पत्र्यावरून थेंब गळतायत. कोंबड्या रात्रभर श्वासातून आणि शिटेतून ओल सोडतात. तिला वर जायला वाट नसली की ती खाली अंथरलेल्या टरफलांच्या गादीत मुरते. गंमत म्हणजे व्हिडिओतला माणूसही हेच सांगत होता, ओला तुरा आधी गोठतो म्हणून हवा खेळती ठेवा. तेवढा भाग मी पुढं ढकलला होता.

चादरीचं तर विचारूच नका. कोंबड्यांनी टोचून टोचून धागे काढले आणि एकीच्या पायाच्या बोटाला धागा असा आवळला की पुढचं बोट निळं पडलं. तिला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतली, बायकोनं मोबाईलची बॅटरी धरली. धागा कातडीत रुतलेला, सुईच्या टोकानं एकेक पदर उचलून कात्रीनं कापायचा. पाऊण तास गेला. बोट वाचलं. चादर गच्चीवर गेली.

आता मांडणी अशी: ताडपत्री फक्त वाऱ्याच्या बाजूला, तीही बसायच्या दांडीच्या वर हातभर. त्याच्यावर पत्र्यापर्यंत जाळी उघडी. म्हणजे अंगावर झोत नाही आणि ओल वरून निघून जाते. लोखंडी पाइप काढून अडीच इंची सपाट लाकडी पट्टी बसवली, चपटी बाजू वर. तिच्यावर बसली की कोंबडीची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. खाली भुईमुगाची टरफलं ४ इंच, एक दिवसाआड दाताळ्यानं खालवर. संध्याकाळी एक ओंजळ मका. बल्ब लावला नाही. कोंबडीचं अंग मुळात ४१ अंशांचं, वर पिसांचं जाकीट. १३ अंश तिच्या खिजगणतीत नसतात. अंडी कमी झाली ती दिवस ११ तासांवर आल्यामुळे आणि दोघींची पिसं झडल्यामुळे. तेवढी विश्रांती त्यांची हक्काची.

आणि हे सगळं नीट लागल्यावर, डिसेंबरच्या मध्याला, सरपंचाच्या तुऱ्यावर काळे डाग!

मी छातीठोकपणे ठरवलं, गोठला. तीन रात्री व्हॅसलीन चोळलं. त्यावर माती बसून तुरा भजी तळल्यासारखा दिसायला लागला. शेवटी जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "देवी आहेत. सोलापुरात कुठला बर्फ पडला?"

लाजलो, पण शिकलो. गोठलेला तुरा टोकांकडून काळा पडतो आणि डाग सपाट असतो. शिवाय त्याला पारा शून्याच्या खाली जावा लागतो. देवीचे फोड उठलेले, चामखिळीसारखे, मग त्यांवर काळपट खपल्या धरतात. तुऱ्याच्या मधोमध, पापणीवर, चोचीच्या बुडाशी, कुठंही. सरपंचाच्या डाव्या पापणीवर एक होताच, मी बघितलाच नव्हता. रोग विषाणूचा, डासांमार्फत आणि जखमांतून पसरणारा. आणि डास कुठले? आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, म्हणून भरून ठेवलेली दोन पिंपं, बिनझाकणाची, खुराड्याला टेकून. थंडी अडवायला ५ दिवस घालवले आणि डास मी स्वतःच पाळले होते.

उपचार असा नाही. खपल्यांना आयोडीन लावायचं, उचकटायच्या नाहीत, पडलेल्या गोळा करून जाळायच्या, कारण विषाणू त्यांत टिकून राहतो. सरपंच तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली. धडधाकट पाच जणींना लगेच पंखाच्या पातळ कातडीत लस टोचून घेतली. पिंपांना झाकणं आली.

खुडूक बाईंनी मधल्या काळात ७ पिल्लं काढली. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पण आई बसलेली असताना बल्बाचं नावही काढू नका. रात्री डालग्यावर बारदान आणि त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, चारी बाजूंनी विटा. सातही जिवंत आहेत. सहा आठवड्यांची झाली की त्यांना देवीची लस.

कालची नोंद: गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) सुरू आहे, पहाटे १४ अंश, अंडी २. सरपंचाची शेवटची खपली पडली, तुऱ्यावर एक खाच राहिली. डालग्यातून सोडल्या सोडल्या पिंपाच्या नव्या झाकणावर चढून आरवला. अक्कांनी खिडकीतून विचारलं, चादर परत मिळणार आहे का?